पाच सूत, सहा सूत

मोटारींवरून वाद घालण्याचे माझे वय उलटून गेले असे घरातली मंडळी म्हणतात, आणि त्यात तथ्य नाही असे मला म्हणता येत नाही. तथापि मागल्या महिन्यात जुन्या मोटारींच्या नागपुरातील शौकिनांची जी बैठक रामदासपेठेत एका स्नेह्याच्या अंगणात भरली, तीत एका व्यासंगी गृहस्थांनी ब्रेकच्या तेलावर दाब आणणाऱ्या मास्टर सिलिंडरच्या अदलाबदलीवर तासभर जे विवेचन केले, आणि ते ऐकून उठताना दोघा-तिघा तरुणांनी येत्या रविवारीच आपापल्या गाड्यांवर हा प्रयोग करण्याचा जो मनसुबा बोलून दाखवला, त्यानंतर गप्प बसणे मला प्रशस्त वाटेना. वक्तेमहाशय माझे स्नेही आहेत. त्यांच्या हातातील कसबाविषयी मला आदर आहे. गंजून चाळण झालेल्या चासीला त्यांनी जो नवा जन्म दिला तो मी डोळ्यांनी पाहिला आहे. परंतु ज्याच्या हातात कसब असते त्याच्या तोंडच्या चुकीलाही लोक कसबाचाच मान देतात, आणि सबब हा प्रपंच.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडा तपशील दिला पाहिजे. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९६१ पासून आपल्याकडे काढलेली हेरल्ड ही मूळची इंग्लंडातील ट्रायम्फ कंपनीची मोटार. तिकडे ती १९५९ साली रस्त्यावर आली, तिचा घाट मिकेलोत्ती या इटालियन कलावंताने घडवला, आणि तिच्याच चासीची लांबी कमी करून त्या कंपनीने १९६२ साली स्पिटफायर नावाची दोन आसनांची उघडी स्पोर्ट्स कार बाजारात आणली, जी पुढे १९८० पर्यंत निघत राहिली. सहा सिलिंडरांच्या इंजिनाच्या व्हिटेस आणि जीटी६ या गाड्याही याच गोत्रातल्या. गोत्र एक असले तरी ब्रेकचा संसार मात्र निराळा: आपल्या हेरल्डच्या चारही चाकांना ड्रम, तर स्पिटफायरच्या पुढल्या चाकांना डिस्क आणि मागल्यांना ड्रम. आमच्या स्नेह्यांनी आपल्या हेरल्डचे छत उतरवून, आसने दोनच ठेवून तिची स्पिटफायर केली आहे, आणि विलायतेहून त्या घराण्यातील थोरल्या गाडीचा म्हणून आणवलेला मोठ्या व्यासाचा मास्टर सिलिंडर तिला बसवला आहे. चाकांवरचे ड्रम मात्र जसेच्या तसे. या फेरफाराने ब्रेक ‘जबरदस्त’ झाला, ही त्यांची प्रतिज्ञा. आणि भावंडांचे कपडे एकमेकांना येतात तसे एका घराण्यातील गाड्यांचे भाग एकमेकींना येतात, हा त्यांचा सिद्धान्त.

भावंडांचे कपडे एकमेकांना येतात हे कबूल. चष्मा येत नाही.

सिलिंडर ‘बसला’, दोन बोल्टांची भोके जुळली, नळीचा नट आट्यांत फिरला, याला आमचे स्नेही पुरावा समजतात. नागपूरच्या कोणत्याही गॅरेजात हा पुरावा तुम्हांला विनामूल्य ऐकायला मिळेल: “बसते न सायेब, मंग काय पायजे?” मिस्त्रीच्या तोंडी हे वाक्य क्षम्य आहे, कारण त्याला सायंकाळपर्यंत गाडी सोडायची असते. ज्याने तासभर व्याख्यान द्यायचे त्याने मात्र एवढे लक्षात घ्यायला हवे होते, की ब्रेक बनवणाऱ्या गर्लिंग कंपनीच्या या जातीच्या सिलिंडरांची बाहेरची अंगकाठी जवळजवळ सारखी ठेवून आतील भोक निरनिराळ्या व्यासांचे केलेले असते, आणि बोल्ट बाहेरच्या अंगकाठीला बसतो, ब्रेक मात्र आतल्या भोकाने लागतो. आपल्या लोखंडी कामाच्या भाषेत अष्टमांश इंचाला सूत म्हणतात. माझ्या हेरल्डच्या मूळ सिलिंडरचे भोक पाच सुतांचे. आमच्या स्नेह्यांनी बसवलेले सहा सुतांचे, हे त्यांनीच अभिमानाने सांगितले. फरक एका सुताचा. आणि एका सुताने असे काय बिघडते, असे ज्याला वाटत असेल त्याने पुढला हिशेब माझ्यासोबत करावा.

क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढते. पाचाचा वर्ग पंचवीस, सहाचा छत्तीस. म्हणजे सूत एक वाढले, पण सिलिंडरातल्या दट्ट्याचे तोंड पंचविसाचे छत्तीस झाले. आता पायाने वीस किलो भार दिला आणि पेडलच्या तरफेने तो पाचपट होऊन शंभर किलो झाला असे धरा, कारण आकडे सोपे पडतात. पाच सुतांच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ १.९८ चौरस सेंटिमीटर; तेव्हा तेलात दाब निर्माण होतो तो दर चौरस सेंटिमीटरला सुमारे पन्नास किलो. सहा सुतांच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ २.८५, तोच पाय, तीच तरफ, आणि दाब पस्तीस. चाकातला छोटा सिलिंडर बदललेला नाही, लायनर बदललेले नाहीत, ड्रम बदललेला नाही. त्यांच्यापर्यंत पोचणारा दाब तेवढा पन्नासाचा पस्तीस झाला. ज्याला आमचे स्नेही जबरदस्त म्हणतात तो ब्रेक, त्याच पायाच्या जोराला, पूर्वीहून जवळजवळ तीन दशांशांनी दुबळा आहे. बंदिस्त द्रवातील दाबाचा हा नियम ज्याच्या नावाने ओळखला जातो तो पास्कल १६६२ साली निवर्तला. त्याने मोटार पाहिली नव्हती, पण मोटारीला त्याचा हुकूम मोडता आलेला नाही.

मग आमच्या स्नेह्यांसारख्या अनुभवी माणसाला उलटे का वाटले? येथेच या प्रकरणाची खरी मेख आहे, आणि तीवर थोडे रेंगाळणे भाग आहे. चाकांतल्या सिलिंडरांना लायनर ड्रमपर्यंत नेण्यास जेवढे तेल लागते तेवढे लागतेच. समजा ते चार घन सेंटिमीटर आहे. पाच सुतांच्या दट्ट्याला तेवढे तेल ढकलण्यास वीस मिलिमीटर सरकावे लागते, सहा सुतांच्याला चौदा पुरतात. पायाशी हे अंतर पाचपट होते, म्हणजे जे पेडल पूर्वी दहा सेंटिमीटर खाली जात होते ते आता सातावरच अडते. पायाला ते उंच आणि टणक लागते. गॅरेजबाहेर उभ्या गाडीत बसून पेडल दाबून पाहणारा मनुष्य त्या टणकपणावर खूश होतो, ‘अहाहा, काय ब्रेक आहे’ म्हणतो, आणि पैसे देऊन घरी जातो. वस्तुतः पेडल टणक लागते ते तरफेचा फायदा त्याने गमावला म्हणून. लांब दांड्याच्या पान्याऐवजी आखूड दांड्याचा पाना घेतला तर हात कमी फिरवावा लागतो आणि नट घट्ट लागतो, तशातलाच हा प्रकार आहे; पण आखूड पान्याने नट अधिक आवळला जातो, असे कोणी मिस्त्री कधी म्हणाल्याचे मी ऐकलेले नाही. उभ्या गाडीत पेडलची परीक्षा होते. ब्रेकची परीक्षा धावत्या गाडीतच होते.

त्यांचा दुसरा पुरावा तर त्यांच्याच अंगावर उलटणारा आहे. पूर्वी करकचून ब्रेक मारला की मागली चाके लॉक होऊन गाडीची शेपटी फिरत असे, आणि नव्या सिलिंडरने ते बंद झाले, सबब पुढच्या-मागच्या ब्रेकांचा समतोल साधला गेला, असे त्यांनी सांगितले, आणि श्रोत्यांनी माना डोलावल्या. परंतु त्यांच्या गाडीत तेलाची वाट एकच आहे. एकाच वाटेच्या रचनेत मास्टर सिलिंडर पाच सुतांचा असो की वीतभर, पुढे जो दाब तोच मागे. समतोल ठरतो तो चाकांतल्या सिलिंडरांच्या व्यासांवर, ड्रमवर आणि वजनाच्या वाटणीवर, ज्यांपैकी कशालाही त्यांनी हात लावलेला नाही. मग मागली चाके लॉक होणे थांबले कसे? चारही चाकांवरचा ब्रेक सारखाच मऊ पडला, म्हणून. तापलेल्या माणसाची नाडी मंदावली म्हणून ताप उतरला असा दाखला देणाऱ्या वैद्याला आपण काय म्हणतो ते येथे लिहीत नाही.

आता मी हे सारे अधिकाराने बोलतो आहे तो अधिकार कोठून आला तेही सांगून टाकले पाहिजे, कारण तो पुस्तकातून आलेला नाही. हाच मूर्खपणा मी पूर्वी स्वतः केला आहे.

माझा एक मावसभाऊ तेव्हा विलायतेत होता. मायदेशी येताना त्याने माझ्यासाठी कागदात गुंडाळलेला, कोऱ्या धातूच्या वासाचा असाच एक सहा सुती सिलिंडर आणला, आणि माझ्या १९६८ च्या हेरल्डला तो आम्ही ऐन मे महिन्यात बसवला. पहिला धडा चार दिवसांत मिळाला. वर्धा रस्त्याने बुटीबोरीकडे जात असता गाडी हळूहळू जड होऊ लागली, टॉप गिअर ओढेना, आणि अखेर ती रस्त्याच्या कडेला अशी थांबली की ढकलूनही हलेना. चारही ड्रमांतून जळक्या लायनरचा वास येत होता. उन्हात चालत जाऊन एका मिस्त्रीला आणले. त्याने काही न बोलता जाकिटाच्या खिशातून पाना काढला, पुढल्या डाव्या चाकाचे एअर काढायचे निपल अर्धा आटा सैल केले, आणि तेलाची पिचकारी थेट रस्त्याच्या डांबरावर गेली. गाडी आपोआप बोटभर पुढे सरकली. कारण ऐकून मी ओशाळलो. मास्टर सिलिंडरच्या आत टाकीतल्या तेलाच्या येण्याजाण्यासाठी सुईच्या टोकाएवढे एक भोक असते; पाय उचलला की दट्ट्याने पूर्ण मागे येऊन ते मोकळे करायचे असते, म्हणजे तापून फुगलेले तेल टाकीत परत जाते. नव्या सिलिंडरला जुनी पुशरॉड बसवली, ती केसभर लांब पडली, भोक झाकलेलेच राहिले, आणि नागपूरच्या उन्हाने फुगलेल्या तेलाला दुसरी वाटच न उरल्यामुळे त्याने आपले आपणच ब्रेक लावले. थंडीत कदाचित हे महिनोन्महिने ध्यानात आले नसते. पुशरॉड आणि दट्ट्या यांत एखाद्या मिलिमीटरची मोकळीक हवी, ही एवढीशी गोष्ट. पण ‘बसते न सायेब’ म्हणणाऱ्याने ती कधी मोजलेली नसते.

पुशरॉड कापून घेतली आणि मी निश्चिंत झालो. दुसरा धडा त्याच पावसाळ्याअखेर चिखलदऱ्याला. भीमाने कीचकाचा ज्या दरीत निकाल लावला अशी आख्यायिका आहे त्या ठिकाणाहून परतवाड्याकडे उतरताना, सौभाग्यवती शेजारी, मागे दोन मुले आणि टपावर बिछाने असा संसार घेऊन मी तिसऱ्या-चौथ्या वळणावर ब्रेक दाबला तेव्हा पेडल नेहमीप्रमाणे उंच आणि टणकच होते. गाडीचा वेग मात्र म्हणावा तसा कमी झाला नाही. पुढल्या वळणावर अधिक जोराने दाबले. पुढे उजव्या पायावर डावा पाय ठेवून, पाठ आसनाला रेटून दाबले. पायाखाली जणू दगड होता, आणि तो दगड गाडी थांबवीत नव्हता. ड्रम तापले की लायनरची पकड मुळातच उणावते आणि तीच गती राखण्यास दाब अधिक लागतो, हे ठाऊक होते. परंतु तो अधिक दाब देण्यासाठी माझ्या पायात जी शिल्लक असायला हवी होती ती मी एका सुताच्या हौसेत आधीच खर्चून बसलो होतो. इंजिन किंचाळेपर्यंत दुसरा गिअर लावून, डोंगराकडच्या अंगाला टाकलेल्या मुरमाच्या ढिगात मी गाडी घातली. कोणाला काही झाले नाही. सौभाग्यवतींनी त्या दिवसापासून त्या गाडीत डोंगराकडे जाण्याचे नाव काढले नाही, आणि तूर्त मीही काढत नाही.

म्हणूनच आमच्या स्नेह्यांच्या ‘मी दोन वर्षे चालवतो आहे, काही झाले नाही’ या साक्षीला मी फारशी किंमत देत नाही. नागपूरचे रस्ते उताराच्या बाबतीत फार सज्जन आहेत. रामदासपेठेतून सीताबर्डी, तेथून सिव्हिल लाइन्स, रविवारी अंबाझरी, आणि फारच साहस केले तर सेमिनरी हिल्सचा तो टेकाडवजा चढ. एवढ्या दौऱ्यात दुबळ्या ब्रेकचे बिंग फुटत नाही. ज्या कर्जदाराकडे कोणी मागायलाच आले नाही त्याला सावकारीत सचोटीचा दाखला मिळत नसतो.

याउलट दिशेची चूकही होऊ शकते हे वक्त्यांनी सांगितले असते तर व्याख्यान निदान अर्धे पूर्ण झाले असते. डिस्कच्या कॅलिपरातले दट्टे चाकाच्या सिलिंडरातल्या दट्ट्यांहून पुष्कळ मोठे असतात आणि त्यांना तेल अधिक लागते. अशा गाडीला लहान भोकाचा सिलिंडर लावला तर दाब भरपूर मिळेल, पण पेडल फळीला टेकेपर्यंत तेल पुरणार नाही. ड्रमच्या रचनेत पुष्कळदा एक छोटी झडप नळीत थोडा दाब राखून ठेवते, जेणेकरून चाकातल्या सिलिंडरचे रबरी वॉशर ओठ दाबून बसतात आणि हवा आत शिरत नाही. तीच झडप डिस्कच्या वाटेवर आली तर पॅड सदोदित घासत राहतात. पंपिंग केल्याशिवाय ब्रेक लागत नाही, किंवा लागला तर सुटत नाही, अशा ज्या तक्रारी शौकिनांच्या बैठकीत नशिबावर ढकलल्या जातात, त्यांतल्या किती या झडपेच्या अदलाबदलीच्या असतील याचा त्यांनी एकदा शोध घ्यावा.

एका फेरफाराच्या बाजूने मात्र मी स्वतः उभा राहीन, आणि तो म्हणजे दुहेरी मार्गाचा सिलिंडर. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून नव्या मोटारींना तो कायद्याने सक्तीचा झाला, आणि तिकडे जाणाऱ्या स्पिटफायरनाही तो आला. एक नळी फुटली तरी दोन चाकांचा ब्रेक शिल्लक राहतो, हा गुण वादातीत आहे. पण तोही भोकाचा व्यास, पुशरॉडची लांबी आणि झडपा यांचा हिशेब जुळवून, जाणत्याच्या देखरेखीखाली. ‘आला आहे, लावून टाकू’ या न्यायाने नव्हे.

कायद्याचा जो आधार वक्त्यांनी शेवटी घेतला तो मला सर्वांत केविलवाणा वाटला. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील गाड्यांना व्हिंटेज म्हणून नोंदण्याचे जे नियम केले त्यांत चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नसावा असे म्हटले आहे, ब्रेकचे नाव नाही, सबब ब्रेक मोकळा, असा त्यांचा युक्तिवाद. छत उतरवलेल्या गाडीच्या मालकाने बॉडीविषयीचा नियम इतक्या शांतपणे वाचून दाखवावा याचे मला कौतुक वाटले. १९८९ च्या केंद्रीय नियमांतला ९६ वा नियम संपूर्ण ब्रेकविषयीच आहे, हे त्यांच्या नजरेतून सुटले. पण मला कायद्याच्या दप्तरात शिरायचे नाही. ज्या गोष्टीत मुलेबाळे बसतात तिची जबाबदारी कोणत्या कलमाच्या मौनावर टाकता येत नाही.

मूळ भाग मिळत नाहीत, ही त्यांची एकमेव खरी अडचण. याच कंपनीची पुढली गाडी गझेल, तीही १९७७ च्या सुमारास संपली, दुकानदार हेरल्डचे नाव काढले की हसतात, आणि मिळालेच तर किट इतके जुने असते की वॉशर बोटाने तुटतो. हे सर्व मान्य. परंतु त्यावर उपाय या गावातच आहे. झिजलेला मूळ सिलिंडर चांगल्या लेथवाल्याकडे न्यावा, भोक थोडे वाढवून आत पितळेची किंवा स्टेनलेसची नळी दाबून बसवावी, आणि तिचे भोक पुन्हा बरोबर पाच सूत, गुळगुळीत, करून घ्यावे. ते सुईएवढे भोकही त्याच जागी, आतून कंगोरा न ठेवता पाडून घ्यावे, कारण कंगोऱ्याने वॉशरचा ओठ आठ दिवसांत कापला जातो. नुसती होन मारून भोक वाढवू नये. किट नवे, ब्रेक ऑइल सीलबंद डब्यातले. डॉट ३ जातीचे कोरे तेल दोनशे पाच अंशांपर्यंत उकळत नाही, पण दोन पावसाळे ओल पिऊन तेच एकशे चाळीसाच्या आसपास उकळू लागते, आणि आपण ते वर्षानुवर्षे बदलत नाही. माझी हेरल्ड आज अशाच नळी बसवलेल्या मूळ सिलिंडरवर चालते. पेडल जरा खोल जाते. पाहुणे नाक मुरडतात.

रविवारी बॉनेट उघडू पाहणाऱ्या तरुणांना माझी एवढीच विनंती आहे, की पाना हातात घेण्याआधी व्हर्निअर घ्यावा. जुन्याचे आणि नव्याचे भोक मोजावे, दोन्ही आकड्यांचे वर्ग करावेत, आणि आकडे जुळले नाहीत तर बॉनेट पुन्हा मिटून ठेवावे. व्हर्निअर नसेल तर माझ्याकडून न्यावा. तो विलायती सहा सुती सिलिंडर अजून माझ्या कपाटात, त्याच कागदात आहे. विदर्भात कोणाकडे पुढे डिस्क असलेली आणि एवढ्याच भोकाचा सिलिंडर मुळात मिरवणारी अस्सल विलायती गाडी असेल तर त्याने तो खुशाल फुकट न्यावा; हेरल्डवाल्यांनी मात्र मागू नये.